विझलेले व्हॉल्व्ह

“नवलभाऊ, डावा हात उचला,” भूमिका हातातल्या मीटरसकट स्टेजवर चढून म्हणाली.

नवलने की-बोर्डवरून मान वर केली, पण हात काढला नाही. “वाजू दे ताई. मांडव भरला की काही कळत नाही.”

“कळतं. खालचे स्वर दोन ठिकाणांहून येतायत. बेस गिटार नाना वाजवतायत आणि तेच स्वर तुम्हीही देताय. ते एकमेकांवर आदळतायत.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. साक्रीच्या त्या हळदीच्या मांडवात दुपारपासून एक विचित्र घुमारा उठत होता, फुगत होता, ओसरत होता. दोन जवळचे पण न जुळणारे स्वर एकत्र वाजले की असं होतं. पदार्थविज्ञानात त्याला विस्पंद म्हणतात. एम.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी तिने ते मोजले होते.

बेसचा अ‍ॅम्प्लिफायर गिरधर नानांचा, म्हणजे तिच्या काकांचा. १९७८ सालचा. गेल्या आठवड्यात दोंडाईच्याला तिने त्याची मागची फळी उघडली, तेव्हा आवाजाला ताकद देणाऱ्या काचेच्या चार पॉवर व्हॉल्व्हपैकी दोन पेटतच नव्हते. उरलेले दोन थकलेले. तिला आश्चर्य वाटलं. नाना तरुणपणी रेडिओ दुरुस्त करायचे. असा माणूस विझलेले व्हॉल्व्ह जागेवर कसे राहू देईल?

“चाली ऱ्हायना ना, चालू दे,” नाना म्हणाले होते.

तिला तो त्यांचा खर्चाचा संकोच वाटला. यंदा त्यांना वाजवायला लागून पन्नास वर्षं होत होती. त्या निमित्ताने तिने जास्त ताकदीचे चार नवे व्हॉल्व्ह मागवले, बसवले, प्रत्येकातून जाणारा प्रवाह मीटरने मोजून नीट लावून दिला. जुन्यांतल्या दोन विझलेल्यांवर मार्करने ‘निकामी’ असं लिहून चारही पिशवीत ठेवले.

“दहाच सेकंद,” ती आता नवलला म्हणाली. मग माइक घेतला. खुर्च्यांवर पाहुणे बसले होते, त्यांनाही ऐकू जावं असं तिला वाटलं. “आता खरा आवाज ऐका.”

नवलने नानांकडे पाहिलं. नाना तारांकडे पाहत होते. नवलने डावा हात उचलला.

नानांचा बेस एकटाच बाहेर आला. नव्या व्हॉल्व्हनी त्यातलं काहीच झाकलं नाही. तार पुरती दाबली जात नव्हती, खरखरत होती. मध्येच एखादा स्वर अर्ध्या सुराने खाली बसत होता. भूमिका नानांपासून चार हातांवर उभी होती. त्यांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं दुसऱ्या कुणाची असावीत तशी तारांवर नुसती पडून होती.

“नाना, ट्रॅक्टर चालू व्हयना का?” खुर्च्यांमधून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

ढोलकीवाला पुना मान खाली घालून आधीच कसलेली ढोलकी पुन्हा कसू लागला. नाना थांबले. फडक्याने तारा पुसू लागले.

“मशीनचं सेटिंग बाकी आहे, पाच मिनिटं,” नवल माइकवर म्हणाला. त्याने भूमिकाला हाताने खुणावून मांडवामागे नेलं. तिथे आचारी वांगी भाजत होते.

“२०१९च्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, आठवतं ना?” तो म्हणाला.

“हात बरा झाला म्हणाले होते.”

“घरी तसंच सांगितलं त्यांनी. दोन बोटं आलीच नाहीत. तेव्हापासून खालचे स्वर मी देतो. जुनं मशीन मरतुकडं होतं म्हणून निभलं. त्यांचं त्यांनाही ऐकू जायचं नाही. त्यांना वाटतं, बेस तेच वाजवतात. त्यांना काही सांगू नका.”

“मग आता?”

“आता तुमचे व्हॉल्व्ह खराब म्हणा. दुसरं काय?”

मीटर अजून तिच्या हातात होता. तो कुठे ठेवावा तिला कळेना. बरोबर आलेल्या मापाला चूक म्हणायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

नाना अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे एका उलट्या क्रेटवर बसले होते. चार व्हॉल्व्हचा नारिंगी उजेड त्यांच्या गुडघ्यांवर पडला होता.

“नाना,” ती त्यांच्या चपलांकडे पाहत म्हणाली, “नवे व्हॉल्व्ह खराब निघाले. चूक माझी आहे.”

“मोजेल व्हतात ना तू?”

तिने मीटरची वायर बोटाभोवती गुंडाळली.

“ते दोन विझेल कोठे शेतस?”

तिने पिशवीतून काढून दिले. नानांनी काचेवरून अंगठा फिरवला, ‘निकामी’ वाचलं. “अक्षर चांगलं शे,” ते म्हणाले.

मग त्यांनी गिटारच्या पेटीतला तारांचा कप्पा उघडला आणि उजव्या हाताने वर्तमानपत्राची एक पुडी काढून तिच्या हातात दिली. आत दोन जुने व्हॉल्व्ह होते, मशीनमधल्या जुन्या चार व्हॉल्व्हच्याच जातीचे. तिने सवयीने मीटर लावला. दोन्हींच्या आतल्या तारा शाबूत होत्या, दोन्ही चालणारे होते. तिने कागद सरळ केला. तारीख नोव्हेंबर २०१९ची होती.

“मीच काढेल शेतस,” नाना म्हणाले. “यासना जागावर ते विझेल लायात.” चांगले काढून विझलेले त्यांनीच बसवले होते.

स्टेजवर नवलचा डावा हात खालचा एक स्वर हलकेच तपासत होता. नानांनी मान जरा कलती करून तो ऐकला. स्वर बरोबर होता. त्यांनी दोन्ही विझलेले व्हॉल्व्ह तिच्या हातात परत ठेवले.

“चारी जुनाच लाव,” ते म्हणाले. “आन् नवलले काही सांगू नको.”