बेल वाजली तर

कुत्रा आणि घर माझ्या गळ्यात मारून साहेब आठ दिवस सहलीला निघाले. कुत्र्याची घाण कशी उचलायची, तेही हौसेनं करून दाखवलं. मग म्हणाले, "बेल वाजल्यावर हा भुंकला, तर दार उघड. नुसतीच शेपटी हलवत दाराशी बसला, तर टीव्ही बंद करून गुपचूप बस. जाते ती थोड्या वेळानं. आम्हीही तसंच करतो."

"ती कोण?"

"आई माझी. कुत्रा तिनंच वाढवलाय ना!"

कुत्र्याच्या घाणीची आली नव्हती, एवढी शिसारी मला माणसाची आली.

तिसऱ्या दिवशी बेल वाजली. कुत्रा भुंकला नाही. मी तडक जाऊन दार उघडलं.

म्हातारीनं कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "दार उघडलंस, म्हणजे माझा मुलगा घरी नाही वाटतं."