उशाशी लागणारा दिवा

घरातले दिवे-पंखे आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची तयार प्रत हेमांगी हौसेने बनवायची आणि लोकांना फुकट द्यायची. या खेपेच्या नव्या प्रतीतून तिने जुन्या यंत्रांची सोय वगळली. त्यांचा व्याप फार होता.

धाकट्या बहिणीकडे गेली, तेव्हा सुकन्या बाळाच्या छातीवर हात ठेवून जागी बसली होती. तिला ऐकू येत नव्हतं. बाळ रडलं की हेमांगीच्या सॉफ्टवेअरमुळे उशाशी दिवा लागायचा. नवी प्रत टाकल्यापासून तिच्या जुन्या यंत्रावर तो लागेना.

“सांगितलं का नाहीस?” हेमांगीने खुणांनी विचारलं.

“तुझं काम वाढलं असतं, ताई,” सुकन्याचे हात म्हणाले.

हेमांगीने तिथेच बसून जुन्या यंत्रांसाठीची प्रत पुन्हा तयार केली आणि सुकन्याच्या यंत्रावर टाकली.

संध्याकाळी बाळ रडलं, दिवा लागला. सुकन्या गाढ झोपली होती. हेमांगीने दिवा मालवला आणि बाळाला स्वतः उचललं.