वीतभर चर

“सर, कुदळ थांबवा!” ओवी ओरडली.

आर्क्टिकच्या माळावर वितळलेल्या बर्फाचं पाणी तंबूकडे सरकत होतं. आत तिच्या पीएचडीसाठी जमवलेले मातीचे नमुने होते. ते वाचवायला खानविलकर सरांनी कोकणच्या सवयीने वीतभर चर खणून पाणी वळवलं होतं.

“अगं, पाण्याला वाट नको?”

“इथल्या मातीखाली निव्वळ बर्फ आहे, सर. वाहतं पाणी त्याला वितळवत जाईल. तंबू हलवू या.”

“साठ पावसाळे पाहिलेत मी!”

ओवीने चरात सळई खुपसली. सकाळी इथेच बर्फावर खटकन अडलेली सळई आता हातभर आत गेली. खाली पोकळी होती.

सरांनी नमुन्यांची पहिली पेटी उचलली.

दुसऱ्या दिवशी चराच्या जागी पुरुषभर खोल घळ होती. तंबू हलवून मोकळी झालेली जागा त्या घळीने गिळली होती.

“प्रबंधात लिही, चर कोणी खणला ते,” सर म्हणाले.

“लिहिलंय, सर. पहिल्याच वाक्यात.”