रिकाम्या खोलीचा आवाज

"जे एकमेकांना भेटलेच नाहीत, ते उरले," निवेदिकेने वाचलं आणि शेवटच्या शब्दावर तिचा आवाज पुन्हा बसला.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हात वर केला. "ताई, कणांची गोष्ट आहे, कुणाच्या मयताची नाही. तारांगणात लहान मुलं ऐकणार. जरा हसऱ्या आवाजात!"

तिने पाण्याचा घोट घेतला. हे काम तिला सोडायचं नव्हतं. घरी ती नवऱ्याच्या बंद दाराबाहेरून "जेवण वाढलंय" एवढंच म्हणे. बाकीचे सगळे शब्द काय ते या खोलीत.

"आज हे जमलं नाही, तर साहेब दुसरा आवाज बघतील," तो म्हणाला. "घरी काही बिनसलंय का?"

"छे हो. देवाच्या कृपेने नवं घर ऐसपैस आहे. यांची खोली वेगळी, माझी वेगळी. राहायला आल्यापासून भांडण म्हणून नाही."

"नशीबवान आहात! आमच्या दोन खोल्यांत उजाडल्यापासून भांड्याला भांडं लागतं."

"लागू द्या," ती हळूच म्हणाली.

लाल दिवा लागला. दाराबाहेरून जेवायला बोलावताना लावायची, तोच गोड आवाज तिने लावला.

"सुरुवातीला विश्व इवलंसं होतं, तापलेलं होतं. कृष्णद्रव्याचे कण सारखे एकमेकांवर आदळत, आणि आदळले की दोघेही नाहीसे होत. मग विश्व पसरत गेलं. कण इतके लांब लांब गेले, की त्यांची टक्कर होईना. जे एकमेकांना भेटलेच नाहीत, ते उरले. आज डोळ्यांना न दिसणारं कृष्णद्रव्य ते हेच, असं एक मत आहे."

"झकास! आता उठू नका हं. रिकाम्या खोलीचा आवाज घेतो. दोन वाक्यांच्या मधे जोडायला लागतो."

"मग मी बाहेर येते ना."

"नको, नको. वाचताना होती तशीच, तुमच्यासकट रिकामी हवी."

तिने हात मांडीवर ठेवले. समोरच्या बंद दाराकडे बघत ती बसून राहिली. श्वाससुद्धा बेताने घेतला.

लाल दिवा विझला.

"वा, ताई!" हेडफोनमध्ये तो हसला. "हे मात्र पहिल्याच खेपेला जमलं."