जास्तीचं प्रेशर

आंब्याच्या झाडावरून डोक्यावर पडलेला लिम्बानी वॉर्डात बेशुद्ध होता. "याचं प्रेशर पडू द्यायचं नाही. मेंदूला रक्त पोचलं तरच वाचेल," सिस्टर म्फात्सो म्हणाली.

लिम्बानीच्या गोगोने, म्हणजे आजीने, लगेच दंड पुढे केला. "माझं उतरत नाही म्हणून दवाखान्यात नेहमी ओरडता ना? घ्या त्यातलं!"

"द्या की, गोगो. हात धरून बसा त्याचा," सिस्टर अजिबात न हसता म्हणाली.

दोन दिवस आजी हात धरून बसली आणि सिस्टर प्रेशर टिकवणाऱ्या औषधाचे नळीतले थेंब कमीजास्त करत उभी राहिली. मग लिम्बानीने डोळे उघडले. "मी दिलं, मी!" आजी वॉर्डभर सांगत सुटली.

डॉक्टर सिस्टरचं अभिनंदन करायला आले.

"तिकडे करा, डॉक्टर," सुजलेले पाय चोळत सिस्टर म्हणाली. "मी नुसती नळी धरली होती."