पडद्यावरचा डाग

ओएलईडी पडद्याची थोरवी अशी की, त्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच्या उजेडाने उजळतो. एलसीडीसारखा पाठीमागच्या दिव्याचा आधार त्याला लागत नाही. फक्त एकच चित्र फार दिवस ठेवलं, तर ठिपके झिजतात आणि त्या चित्राचा डाग कायमचा राहतो.

कंपनीच्या स्वागतकक्षातल्या पडद्यावर ‘आदर्श कर्मचारी’ म्हणून स्टोअरकीपरकाकांचा फोटो वर्षभर अहोरात्र झळकला. मग कपातीत काकाच गेले. आता दुसरीकडे नोकरी ठरत आली होती, अडलं होतं ते अनुभवाच्या दाखल्यापाशी.

“काका, नव्या सिस्टिममध्ये तुमचं नावच नाही हो,” रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली.

“अगं, मग बावीस वर्षं मी इथे काय हवा खायला येत होतो? तो बघ, मीच आहे ना!”

पडद्यावर नव्या संचालकांच्या शुभेच्छांमागे काकांचा चेहरा दिसत होता. पुसट, पण मिशांसकट.

“अगं बाई, खरंच की! उद्या या, मी साहेबांना दाखवते.”

साहेबांनी पाहिलं आणि तातडीने फोन फिरवला.

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले.

 

पडदा वॉरंटीत होता, सकाळीच बदलून मिळाला.