साडेचार हजार मैल

मध्यभारत सरकारच्या वजिफ्यावर लंडनला शिकायला गेलेला विलास तिथेच निमोनियानं वारला. तार वाचून दौलतराव बायकोला म्हणाले, "बोटीनं अठरा दिवस लागतात. तोवर पोराला कोण ठेवील? तिकडेच उरकू द्या." जनाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मान हलवली.

तेराव्याला शेजारचे भूगोलाचे मास्टर येऊन बसले. जनाबाईंनी त्यांना हळूच विचारलं, "मास्टरजी, लंडन किती दूर आहे हो?"

"हवाई जहाजानं मुंबईहून साडेचार हजार मैल असेल, काकी. आज बसलं की उद्या पोचतं."

मास्टर गेले तरी जनाबाई कितीतरी वेळ दारातच उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," दौलतराव म्हणाले. "चार दिवस त्याला ठेवतो, निघून या, असंच तिकडच्या कॉलेजानं लिहिलं होतं तारेत. पण त्याला तसा पाहायची माझी हिंमत झाली नाही. अन् तुला सांगितलं असतं, तर तू गेलीच असतीस."